तुमच्या स्टॉपवरची बस विरळ व्हायला लागली की काय करायचं : पहिल्यांदाच या कामात पडणाऱ्यांसाठी

बस एका दिवसात बंद होत नाही. दर दहा मिनिटांनी येणारी गाडी आधी पंधरावर जाते, मग वीसवर, मग रविवारी येतच नाही, मग रात्रीची शेवटची फेरी जाते, लोक कंटाळून शेअर रिक्षाला लागतात आणि मग कुठल्यातरी कागदावर लिहिलं जातं की या मार्गावर प्रवासी प्रतिसाद अल्प आहे. हे सगळं होत असताना स्टॉपवर नोटीस लागत नाही, त्यामुळे आपल्याला वाटतं आज ट्रॅफिक असेल, पाऊस आहे, गाडी बिघडली असेल. आणि ज्या दिवशी खरंच कळतं त्या दिवशी भांडायला हातात काही नसतं, कारण आधी किती गाड्या होत्या हे कुणी लिहूनच ठेवलेलं नसतं.

म्हणून हे लिहितेय. मी मुंबईची, त्यामुळे बेस्टचंच उदाहरण घेते, पण पद्धत पुण्याच्या पीएमपीला, ठाण्याच्या टीएमटीला, नाशिकच्या सिटीलिंकला, कोल्हापूरच्या केएमटीला सगळीकडे लागू पडते. कोणत्या टेबलावर जायचं ते फक्त बदलतं. तुम्हाला कायदा माहिती नाही, कधी निवेदन दिलेलं नाही, नगरसेवकाचं ऑफिस कुठे आहे माहिती नाही, असं समजूनच सगळं सांगतेय.

आधी पैसा कुठून येतो ते समजून घ्या

हे वाचायला कंटाळा येईल पण सोडू नका, कारण पुढे कुणीही तुमच्याशी बोलेल तेव्हा पहिलं वाक्य "तोटा आहे हो" हेच असणारे.

मुंबईत पहिली बस १५ जुलै १९२६ ला अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट धावली. ७ ऑगस्ट १९४७ ला, म्हणजे स्वातंत्र्याच्या आठवडाभर आधी, हा सगळा उपक्रम महापालिकेने ताब्यात घेतला. बेस्ट वीजही पुरवते आणि बसही चालवते हे तुम्हाला माहितीच असेल, आणि कित्येक वर्षं विजेत जे उरायचं त्यातून बसची तूट भरून निघायची. विजेचे दर वीज नियामक आयोग ठरवायला लागल्यावर हळूहळू तो रस्ता बंद झाला. मग तूट भरणार कोण? तिकीट, किंवा महापालिका, किंवा राज्य सरकार. चौथं कुणी नाही. तुमची सगळी खटपट या तिघांपैकी कोण किती देणार याचीच आहे हे डोक्यात पक्कं ठेवा.

आता आकडे. २०२५-२६ चा मुंबई महापालिकेचा अर्थसंकल्प ७४,४२७ कोटींचा होता आणि त्यात बेस्टला १,००० कोटी होते. म्हणजे शंभर रुपयांतला साधारण एक रुपया चौतीस पैसे. त्याच्या आदल्या वर्षी ८०० कोटी होते. हे आकडे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा आणि दर फेब्रुवारीत नवीन आकडा खाली लिहीत चला.

गाड्यांचं बघा. एकेकाळी बेस्टकडे साडेचार हजारांच्या आसपास गाड्या होत्या, अलीकडे त्या तीन हजारांच्या खाली आल्यात, आणि त्यातल्या बहुतेक भाडेतत्त्वावरच्या, ज्याला वेट लीज म्हणतात. गाडी आणि ड्रायव्हर कंत्राटदाराचा, बेस्ट त्याला किलोमीटरप्रमाणे पैसे देते. २०१९ मध्ये कामगार संघटनेबरोबर करार झाला त्यात बेस्टच्या स्वतःच्या ३,३३७ गाड्या ठेवायच्या असं ठरलं होतं. जुन्या गाड्या वय संपलं की भंगारात जातात हे बरोबरच आहे, पण तेवढ्या नव्या आल्या नाहीत, आणि मधल्या काळात काही कंत्राटदारांनी परवडत नाही म्हणून गाड्या काढून घेतल्या. २०११ च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या १ कोटी २४ लाख होती, तीच धरली तरी आज लाख माणसांमागे २४ गाड्यासुद्धा होत नाहीत. कपात म्हणतात ती हीच. कुणी "बससेवा कमी करा" असा ठराव करत नाही, नवी गाडी घ्यायचा पैसा बजेटमध्ये दिसत नाही एवढंच होतं.

आणि भाडं. जुलै २०१९ मध्ये कमीत कमी भाडं ८ वरून ५ रुपये केलं तेव्हा लोक बसकडे परत आले होते, गर्दी आपण सगळ्यांनी बघितलीय. ९ मे २०२५ पासून ५ चे १० झाले, एसीचे ६ चे १२. भाडेवाढ वाईटच असते असं मी म्हणणार नाही, पण भाडं दुप्पट करून गाड्या तेवढ्याच ठेवल्या तर ती प्रवाशाला शिक्षा होते. जास्त पैसे देतोय तर फेऱ्या किती वाढल्या, हा प्रश्न विचारायचा आपला हक्क आहे.

एक भागाकार शिका

हे एक गणित आलं की तुम्ही कुठल्याही अधिकाऱ्यासमोर बसू शकता, खरं सांगतेय.

गाडीला पूर्ण राउंड मारायला लागणारा वेळ (जाऊन-येऊन, दोन्ही टोकांना थांबणं धरून) भागिले त्या रूटवरच्या गाड्या, म्हणजे दोन गाड्यांमधलं अंतर. राउंड १२० मिनिटांचा आणि गाड्या १०, तर दर १२ मिनिटांनी गाडी. आता तीन गाड्या काढल्या, उरल्या ७, तर १७ मिनिटं. त्यात मेट्रोचं खोदकाम नाहीतर पुलाचं काम निघालं आणि राउंड १४० मिनिटांचा झाला, तर २० मिनिटं. म्हणजे कागदावर "फक्त तीन गाड्या कमी केल्या" आणि स्टॉपवर १२ ची २० मिनिटं. आणि हे सगळं सुरळीत चाललं तर. प्रत्यक्षात दोन गाड्या एकामागोमाग येतात आणि मग पाऊण तास काही नाही.

आता हेच उलटं करून बघा. त्याच ७ गाड्या आहेत, पण एखाद्या चौकातलं बेकायदा पार्किंग हटवलं, बसला वेगळी लेन दिली आणि राउंड परत १२० वर आला, तर २० ची १७ मिनिटं होतात आणि एक रुपयाची नवी गाडी लागत नाही. म्हणून मागण्यांमध्ये नेहमी एक मागणी वाहतूक पोलिसांकडे आणि वॉर्ड ऑफिसकडे जाणारी ठेवा, सगळं बेस्टवर टाकू नका. डेपोतल्या माणसालाही बरं वाटतं की हे लोक समजून बोलतायत.

वही

सगळ्यात महत्त्वाचं काम हेच आहे त्यामुळे इथे जरा वेळ घालवते.

साधी शंभर पानी रेघी वही घ्या. मोबाईलवर नको, पहिल्या पाच मिनिटांत फोन येतो आणि मोजणी चुकते. पानावर सहा रकाने आखा : गाडी आल्याची वेळ, नंबर, कुठे जाणारी, किती चढले, किती खालीच राहिले, आणि शेरा. शेऱ्यात "न थांबता गेली", "लागून दुसरी आली", "व्हीलचेअर चढवता आली नाही", "एसी बंद" असं काहीही.

यातला पाचवा रकाना सोन्याचा. डेपोकडे किती तिकिटं फाटली याचा आकडा असतो, किती लोक चढायचा प्रयत्न करून मागे राहिले याचा नसतो. रिक्षाला हात करून निघून गेलेली बाई त्यांच्या हिशोबात कधी बसची प्रवासी नव्हतीच. तिला मोजणारे फक्त तुम्ही.

मोजायचं कसं? मला आमच्या इथल्या एक आजी आठवतात, निवृत्त शाळा शिपाई, वाचता येतं पण चष्मा नसला की लिहिता येत नाही. त्या साडीच्या ओच्यात चिंचोके घेऊन बसायच्या. एक माणूस चढला की एक चिंचोका डाव्या हातातून मांडीवरच्या रुमालात. गाडी गेली की रुमालातले चिंचोके मोजायचे आणि शेजारच्या कॉलेजच्या पोराला सांगायचं, चौतीस लिही रे. मग परत ओंजळीत. गर्दीत मान वर-खाली करून लिहिताना आमची नेहमी गडबड व्हायची, आजींचा आकडा मात्र कधी चुकला नाही. तुमच्याकडे चिंचोके नसतील तर खडे घ्या, शर्टाची बटणं घ्या, पण डोळे गाडीच्या दारावर राहिले पाहिजेत आणि हात आपोआप चालला पाहिजे.

किती दिवस मोजायचं? दोन आठवडे पुरेत, सलग नको. मंगळवार, गुरुवार, शनिवार, रविवार धरा. सोमवार आणि सणाचा दिवस टाळा, नाहीतर समोरचा म्हणतो तो दिवसच वेगळा होता. सकाळी साडेसात ते दहा, संध्याकाळी साडेपाच ते साडेआठ, आणि एक दिवस पहाटे पाच ते साडेसहा. पहाटेचा एक दिवस चुकवू नका. साफसफाईला जाणाऱ्या बाया, हॉस्पिटलमधून नाईट संपवून निघालेले वॉर्डबॉय, ससून डॉकवरून परतणाऱ्या कोळणी, हे लोक मीटिंगला येत नाहीत, मेसेज करत नाहीत, आणि कपात झाली की पहिली फेरी त्यांचीच जाते. रात्रीची शेवटची गाडीसुद्धा एकदा स्वतः पकडून बघा.

दोघं-दोघं मिळून मोजा. एक मोजणार एक लिहिणार. प्रत्येक पानाखाली तारीख आणि दोघांची सही. ड्रायव्हर-कंडक्टरचं नाव किंवा बिल्ला नंबर वहीत लिहू नका, आपलं भांडण त्यांच्याशी नाहीये, आणि एकदा का त्यांना वाटलं की हे तक्रार करायला उभे आहेत तर ते तुमच्याशी बोलणार नाहीत. खरी माहिती तर त्यांच्याकडेच असते. टर्मिनसवर चौकीत स्टार्टर, म्हणजे गाड्या वेळेवर सोडणारा माणूस, बसलेला असतो, त्याला चहाच्या वेळेला जाऊन नीट विचारा की दादा या रूटला सध्या किती गाड्या, बहुतेक वेळा सांगतात. बसचं अॅप बघून पण वेळा टिपता येतात, पण अॅपवर गाडी दिसली आणि स्टॉपवर आलीच नाही असं झालं तर तेही शेऱ्यात लिहा.

कागद मागवा

आता माहिती अधिकार. घाबरायचं काही नाही, अर्ज साध्या कागदावर होतो, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायचा, दारिद्र्यरेषेखाली असाल तर तोही नाही. राज्याच्या ऑनलाइन पोर्टलवरूनही करता येतो. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि दीडशे शब्दांची मर्यादा आहे, त्यामुळे लांबलचक व्यथा लिहू नका. "का" असा प्रश्न विचारू नका, कारण खुलासा द्यायचं बंधन त्यांच्यावर नसतं, जे रेकॉर्डवर आहे ते द्यायचं असतं. प्रत मागा. असं :

"बसमार्ग क्रमांक अमुक. १ एप्रिल २०२२ पासून आजपर्यंत महिनावार : (१) मंजूर गाड्यांची संख्या, (२) नियोजित फेऱ्या व प्रत्यक्ष झालेल्या फेऱ्या, (३) रद्द फेऱ्या व नोंदवलेलं कारण, (४) प्रवासी संख्या, (५) प्रति किलोमीटर उत्पन्न. तसेच या मार्गावरील फेऱ्या कमी करण्याबाबतच्या टिपणीची प्रत."

तिसरा मुद्दा काळजीने वाचा जेव्हा उत्तर येईल. फेरी रद्द होण्याचं कारण "गाडी उपलब्ध नाही" किंवा "चालक उपलब्ध नाही" असं असेल आणि दुसरीकडे मार्ग बंद करताना "प्रवासी नाहीत" असं लिहिलं असेल, तर तुमची अर्धी लढाई तिथेच जिंकली. प्रवासी नव्हते म्हणून गाडी गेली की गाडी गेली म्हणून प्रवासी गेले, हे महिनावार आकड्यांमध्ये स्वच्छ दिसतं. कुठला आकडा आधी पडला ते बघायचं.

पाचव्या मुद्द्याला आतली माणसं ईपीके म्हणतात, आणि प्रति किलोमीटर खर्चाला सीपीके. मार्ग ठेवायचा की काढायचा हे बोलताना हेच दोन शब्द ऐकू येतील, गोंधळू नका.

उत्तर ३० दिवसांत यायला हवं. नाही आलं किंवा अर्धवट आलं तर पुढच्या ३० दिवसांत त्याच ऑफिसात पहिलं अपील, त्यावर समाधान नाही तर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरं. आयोगाकडे खूप वेळ जातो, म्हणून अर्ज गरज पडायच्या आधीच टाकून ठेवा, गाडी चालू असतानाच. कागदपत्रं प्रत्यक्ष जाऊन बघायचाही हक्क आहे, पहिला तास फुकट असतो, आणि जाड फाईल असेल तर झेरॉक्सपेक्षा हे बरं.

कॅलेंडर

आपण लोक मार्च-एप्रिलमध्ये ओरडतो तेव्हा सगळं ठरून गेलेलं असतं. बेस्टचा अर्थसंकल्प ऑक्टोबरच्या आसपास महाव्यवस्थापक मांडतात. महापालिकेचा अर्थसंकल्प आयुक्त ५ फेब्रुवारीच्या आत मांडतात आणि मार्चअखेर तो मंजूर व्हायचा असतो. म्हणजे तुमची मोजणी ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, पहिलं निवेदन सप्टेंबरअखेर, दुसरं डिसेंबरमध्ये. अलीकडच्या वर्षांत पालिकेने बजेटसाठी नागरिकांकडून सूचना मागवल्यात, तेव्हा प्रत्येकाने आपापल्या शब्दांत सूचना पाठवा, कॉपी-पेस्ट नको, एकसारख्या शंभर मेल एकच धरल्या जातात. राज्य सरकारकडे मागायचं असेल तर विधिमंडळाच्या अधिवेशनाआधी आमदारांना भेटा, पावसाळी आणि अर्थसंकल्पी अधिवेशन मुंबईत असतं, हिवाळी नागपूरला. आमदाराला "आवाज उठवा" असं नुसतं सांगू नका, प्रश्नच टाइप करून न्या म्हणजे त्यांच्या पीएचं काम वाचतं.

मुंबईत ७ मार्च २०२२ ला नगरसेवकांची मुदत संपली आणि त्यानंतर जवळजवळ चार वर्षं प्रशासकच होते. बेस्ट समितीत विचारायला लोकांनी निवडलेला माणूसच नव्हता. जानेवारी २०२६ मध्ये निवडणूक झाली, २२७ नगरसेवक आले. तुमचा कोण ते शोधा, त्याच्या ऑफिसची वेळ विचारा, आणि पहिल्या भेटीला काही मागू नका, फक्त वही दाखवा. पानं उलटून बघू द्या त्यांना.

पुण्यात असाल तर एक लक्षात ठेवा, पीएमपीची संचलन तूट पुणे महापालिका ६० आणि पिंपरी-चिंचवड ४० टक्के अशी वाटून घेतात, त्यामुळे एकाच महापालिकेत जाऊन भागत नाही, दोन्हीकडच्या बजेटच्या तारखा बघाव्या लागतात.

निवेदन

एक पान. दोन पानं झाली की कुणी वाचत नाही. "बससेवा सुधारावी ही नम्र विनंती" या वाक्याने कुणाला काही करता येत नाही, कारण नक्की काय करायचं तेच त्यात नाही. असं लिहा :

"सकाळी ८ ते १० मध्ये या स्टॉपवर नियोजित अमुक फेऱ्यांपैकी सरासरी अमुक येतात. आमच्या मोजणीत त्या दोन तासांत सरासरी अमुक प्रवासी चढू शकले नाहीत. मागणी : (१) या वेळेत तीन जादा फेऱ्या, (२) शेवटची गाडी पूर्वीप्रमाणे अमुक वाजता, (३) मार्ग स्टेशनपर्यंतच ठेवावा, मधेच तोडू नये, (४) अमुक चौकातलं पार्किंग हटवण्यासाठी वाहतूक पोलिसांसोबत संयुक्त पाहणी."

मार्ग तोडणं हा प्रकार नीट समजून घ्या. गाडी बंद करत नाहीत, अर्ध्यावर थांबवतात आणि पुढे दुसरी गाडी पकडा म्हणतात. दोनदा तिकीट, दोनदा उभं राहणं, आणि म्हाताऱ्या माणसाला दोनदा पायरी चढणं. नकाशावर सेवा तेवढीच दिसते, म्हणून याला विरोध करताना अदलाबदलीला किती वेळ जातो ते मोजून लिहा.

दोन प्रती काढा. एक द्यायची, दुसरीवर आवक विभागाचा शिक्का, आवक क्रमांक आणि तारीख घ्यायची. शिक्का उमटला का बघा, पॅड कोरडं असतं, तारीख अर्धी येते, तर पेनाने लिहून द्या म्हणायचं आणि तिथेच फोटो काढायचा. मी पहिल्यांदा एका ऑफिसात पत्र दिलं ते पोच न घेता, साहेब ओळखीचे होते म्हणून विश्वासाने, आणि तीन महिन्यांनी ऐकलं की असं पत्र आलंच नाही. साठ लोकांच्या सह्या होत्या त्यावर, आणि परत त्या साठ जणांकडे जायला फार जड गेलं. तेव्हापासून शिक्क्याशिवाय खुर्चीवरून उठत नाही.

प्रती कुणाला? डेपो मॅनेजर, बेस्ट भवनात महाव्यवस्थापक, पालिका आयुक्त, नगरसेवक, आमदार. डेपोत आधी जा. डेपो मॅनेजरच्या हातात नवी गाडी देणं नसतं पण वेळापत्रक थोडं हलवणं, कमी गर्दीच्या वेळेतली एखादी फेरी गर्दीच्या वेळेला आणणं असतं, आणि कित्येकदा तेवढ्यानेच आठवडाभरात फरक पडतो.

माणसं कशी जमवायची

हॉलमध्ये मीटिंग ठेवली तर बसने जाणारे येऊ शकत नाहीत कारण ते बसच्या रांगेत असतात. मीटिंग स्टॉपवरच करा. संध्याकाळी सात वाजता रांगेत उभ्या माणसाला वीस मिनिटं दुसरं काही काम नसतं, त्याला वही दाखवा, त्याचा अनुभव त्याच्यासमोर लिहून घ्या.

मग ज्यांचं या बसवर काही अडलंय अशा जागा शोधा. पालिकेची शाळा, प्रसूतिगृह, कॉलेज, घरकाम करणाऱ्या बायकांचा गट, ज्येष्ठ नागरिक संघ, मंडई. शाळेच्या मुख्याध्यापकांचं एक ओळीचं पत्र, की बस उशिरा आल्याने मुलांची प्रार्थना चुकते, याला शंभर सह्यांइतकं वजन असतं. दुकानदारांनाही विचारा, गिऱ्हाईक बसने येतं हे त्यांना माहिती असतं पण कधी कुणी विचारलेलं नसतं.

मुंबईत "आमची मुंबई, आमची बेस्ट" हा नागरिकांचा मंच बरीच वर्षं हे काम करतोय, पुण्यात पीएमपी प्रवासी मंच आहे. एकट्याने सगळं उभं करायची गरज नाही, त्यांच्याकडून शिका.

कामगारांशी नातं ठेवा. जानेवारी २०१९ मध्ये बेस्टचा संप नऊ दिवस चालला, तेव्हा लोकांचे फार हाल झाले आणि राग कंडक्टरवर निघाला. ऑगस्ट २०२३ मध्ये भाड्याच्या गाड्यांवरच्या ड्रायव्हरनी पगारासाठी काम बंद केलं. त्यांना कमी पगार मिळाला की ते सोडून जातात, ड्रायव्हर नसला की फेरी रद्द होते, आणि ती रद्द फेरी आपल्या स्टॉपवरची असते. त्यांचा प्रश्न वेगळा आणि आपला वेगळा असं अजिबात नाहीये.

"तोटा आहे" म्हटल्यावर

भांडू नका, विचारा. कोस्टल रोडला १३ हजार कोटींहून जास्त खर्च आला, त्यावर टोल नाही, त्याला कुणी तोट्यातला रस्ता म्हणतं का? रस्ता सेवा आहे, मग त्यावरून साठ माणसं घेऊन जाणारी गाडी धंदा कशी झाली? मी रस्ता बांधू नका म्हणत नाहीये, एकाच वहीत दोन हिशोब कसे, एवढंच विचारतेय.

दुसरं, कोणी म्हणेल मेट्रो आली आता बस कशाला. मेट्रो स्टेशनवर माणूस पोचणार कसा? जिना उतरल्यावर घरापर्यंतचे दोन किलोमीटर कसे? मेट्रो समांतर धावते त्या लांब मार्गांवर थोडा बदल करायला मी तयार आहे, तुम्हीही आडमुठेपणा करू नका, पण काढलेल्या गाड्या स्टेशनच्या आडव्या रस्त्यांवर लावल्या का हे लेखी मागा. गाड्या तिथून निघतात आणि कुठेच लागत नाहीत, असं होऊ द्यायचं नाही.

आणि डेपोवर लक्ष ठेवा. डेपोच्या जमिनी मोक्याच्या आहेत, पुनर्विकासाची चर्चा सतत असते. गाडी उभी करायला, धुवायला, चार्ज करायला जागा गेली की पुढे पैसा आला तरी गाडी ठेवणार कुठे? तुमच्या डेपोबद्दल काही निघालं तर आत्ता किती गाड्या उभ्या राहतात आणि नंतर किती राहतील हे दोनच आकडे मागा.

पेपरवाल्यांना काय द्यायचं

वहीच्या एका पानाचा स्वच्छ फोटो, माहिती अधिकारातलं उत्तर, आणि बोलायला तयार असलेला एक प्रवासी. रागाने लिहिलेली दोन पानी मेल नको. त्या प्रवाशाला आधी नीट विचारा की नाव छापलं तर चालेल ना, कामावर त्रास होणार नाही ना.

फेरी परत मिळाली तर

मिळते, खरंच मिळते, सगळी नाही पण एखादी. तेव्हा मोजणी थांबवू नका. परत आलेली फेरी पहिले तीन महिने परीक्षेवर असते, लोकांना ती आलीय हे माहितीच नसतं, ते अजून रिक्षाच्या सवयीत असतात, आणि गाडी रिकामी धावली की पुन्हा तोच शेरा. म्हणून नवी वेळ मोठ्या अक्षरात लिहून स्टॉपवर, सोसायटीच्या गेटवर, शाळेच्या फाटकावर, किराणा दुकानाच्या काउंटरवर लावा. सोसायटीच्या ग्रुपवर रोज सकाळी टाका की ८:१० ची गाडी आहे. स्वतः त्याच गाडीने जा, रिक्षा समोर उभी असली तरी. महिन्याने परत चिंचोके घेऊन बसा, चढणाऱ्यांचा आकडा एका कागदावर लिहा आणि डेपो मॅनेजरना नेऊन द्या, यावेळी मागणी काही न करता. त्याचीही पोच घ्या.